खोका मागवण्याआधी मुलीची वजाबाकी बघा: घरी शिकवायला गणिताचा अभ्यासक्रम कसा निवडावा

आमच्या चाळीसगावच्या घरात माळ्यावर एक पुठ्ठ्याचा खोका पडून आहे. परदेशी गणिताचा वर्षभराचा अख्खा संच आहे त्यात: पाठ्यपुस्तकं, सरावाच्या वह्या, शिकवणाऱ्यासाठी जाडजूड मार्गदर्शिका आणि रंगीत ठोकळे. टपालखर्च आणि कर धरून साडेअकरा हजारांना पडला. मोठीला घरीच शिकवायचं ठरलं त्याच महिन्यात, उत्साहाच्या भरात मागवला होता. नवव्या पानावर नाणी आली, ती अमेरिकेतली क्वार्टर (पंचवीस सेंटचं) आणि डाइम (दहा सेंटचं). आपल्याकडे चार आणे २०११ पासून चलनातच नाहीत, त्यामुळे पंचवीसचं नाणं ही कल्पनाच तिला परकी. मग इंच आले, औंस आले. शेवटी स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर पडायला लागला आणि एक लाखाचे ‘शंभर हजार’ झाले, तेव्हा तिनं विचारलं, “आई, लाख कुठे गेला?” खोका माळ्यावर गेला.

पुस्तक तसं उत्तम होतं. मी ते मुलीकडे न बघता निवडलं, एवढंच. आता धाकट्याची वेळ आली तेव्हा सगळं उलट्या क्रमानं केलं. तोच क्रम इथे मांडते.

पायरी १: परीक्षा कुठली द्यायची, ते आधी ठरवा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या मुलांचं शिक्षण त्यात मोफत आणि सक्तीचं आहे, पण घरी शिकवण्याला त्यात सरळ परवानगीही नाही आणि सरळ बंदीही नाही. म्हणून पुढेमागे दाखवायला प्रमाणपत्र कुठलं असेल, हे घरच्यांनी आपसात बोलून ठेवावं. सासू-सासऱ्यांचा पहिला प्रश्नही तोच असतो.

वाटा मुख्यतः तीन. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (लोक नुसतं ‘एनआयओएस’ म्हणतात) तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे तीन स्तर ठेवते आणि पुढे दहावीची परीक्षा घेते. दहावीसाठी किमान वय १४ लागतं, मराठी माध्यमही मिळतं. दुसरी वाट महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची. तिथे पाचवी आणि आठवीच्या पातळीवरही परीक्षा आहेत. तिसरी म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेला सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे राज्य मंडळाची दहावी बाहेरून. अर्जाच्या तारखा आणि अटी त्या त्या वर्षी मंडळाच्या संकेतस्थळावर बघूनच घ्या, ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर जाऊ नका.

गणितापुरता याचा अर्थ काय? एनआयओएसच्या दहावीत गणित हा निवडीचा विषय आहे, सक्तीचा नाही. राज्य मंडळाच्या दहावीत मात्र भाग १ आणि भाग २, म्हणजे बीजगणित आणि भूमिती, दोन वेगळे पेपर, चाळीस-चाळीस गुणांचे. माझं मत असं की सातवीपर्यंत पुस्तक तुमच्या मुलाच्या कलानं घ्या. आठवीपासून ज्या मंडळाची परीक्षा, त्याच मंडळाचं पुस्तक हातात असू द्या. उगाच चौथीतल्या पोरावर दहावीचं ओझं टाकू नका.

पायरी २: दोन आठवडे शिकवू नका, नुसतं बघा

ही पायरी लोक गाळतात. मीही गाळली होती. एक वही घ्या आणि रोज दहा-पंधरा मिनिटं, खेळता खेळता, पुढच्या गोष्टी करून बघा. चूक दुरुस्त करायची नाही, फक्त टिपायची. तोंडावर भाव न आणता बसणं फार अवघड जातं, हे आधीच सांगते.

दहा चिंचोके घ्या, काही वाटीखाली झाका. बाहेर सहा दिसतात, आत किती? मूल बोटं मोजतं, की पटकन चार म्हणतं? सात-आठ वर्षांचं मूल अजून एकेक मोजत असेल तर दुसरीचं पुस्तक बाजूला ठेवा; आधी दहाच्या जोड्या पक्क्या हव्यात, मग बाकीचं.

आकडे सांगा आणि लिहायला लावा: तीनशे सात, एकोणसाठ, एकोणनव्वद, एक हजार चाळीस. तीनशे सातचे ३००७ होत असतील तर मूल ऐकू आलं तसं लिहितंय, स्थानिक किंमत अजून बसलेली नाही.

तीन भाकरी चार जणांत सारख्या वाटायला सांगा. खऱ्या भाकरी द्या, चित्र नको. आमच्या धाकट्यानं तिन्हींचे अर्धे केले, चौघांना एकेक अर्धा दिला, उरलेल्या दोन अर्ध्यांचे परत दोन-दोन केले. “अर्धी आणि पाव,” म्हणाला. छेद-अंश त्यानं तोवर ऐकलेलेही नव्हते. अशा मुलाला अपूर्णांकांचे नियम आधी सांगणारं पुस्तक दिलं तर त्याच्याकडे आहे तेही जाईल.

आणि सगळ्यात जास्त सांगून गेली ती मोठीची वजाबाकी. कागदावर ४०२ वजा १७८ दिलं. तिनं उत्तर लिहिलं ३७६. नीट बघा: चारातून एक गेला तीन, सात आणि शून्य यांच्यातला फरक सात, आठ आणि दोन यांच्यातला फरक सहा. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढलं, वरचा कोण खालचा कोण हे बघितलंच नाही. हातचा घ्यायचा असतो, हे ती आठवडाभर आधीच ‘शिकली’ होती. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना सहज विचारलं, “चारशे दोन रुपये होते. पावणेदोनशेचा किराणा घेतला आणि तीन रुपयांचं लिंबू. किती उरले?” ती म्हणाली, “एकशे अठ्ठ्याहत्तरला बावीस दिले की दोनशे. मग वरचे दोनशे दोन. दोनशे चोवीस.” गणित तेच, उत्तर बरोबर, रीत तिची स्वतःची.

म्हणजे तिला रक्कम कळत होती, फक्त कागदावरची मांडणी तिच्यासाठी पोकळ होती. तिला आणखी शंभर वजाबाक्यांची वही देणं म्हणजे त्याच पोकळीवर माती लोटणं. तिला हवं होतं दशकांचे गठ्ठे सोडून दाखवणारं, वस्तूवरून चिन्हाकडे सावकाश नेणारं पुस्तक. शेजारच्या मुलाचं बरोबर उलटं होतं. कागदावर सगळं चोख, पण उत्तर चारशेच्या वर गेलं तरी त्याला काही खटकत नव्हतं. त्याला अंदाज करायला लावणारं, गोष्टीतली गणितं भरपूर असलेलं पुस्तक लागलं. वय तेच, इयत्ता तीच, पुस्तक मात्र दोघांना एकच घेऊन चालणार नव्हतं.

वहीत आणखी दोन नोंदी ठेवा. किती मिनिटांनी मन उडतं, आणि चूक झाली की मूल काय करतं: खोडतं, हसतं, की वही मिटतं? वही मिटणाऱ्या मुलाला घड्याळ लावून सोडवायच्या तक्त्यांचा अभ्यासक्रम कधीही घेऊ नका.

पायरी ३: मूल कोणत्या भाषेत मोजतं?

परदेशी पुस्तकांच्या परीक्षणांत हा मुद्दा सापडणार नाही, कारण तो त्यांचा प्रश्नच नाही. इंग्रजीत ‘ट्वेंटी वन’ म्हणताना वीस आधी आणि एक नंतर, लिहितानाही तसंच. आपण एकवीस म्हणतो, एक आधी. त्यात एकोण: एकोणसाठ म्हणताना कानावर साठ पडतं आणि लिहायचे असतात पन्नास नि नऊ. ५९ चे ६९ होतात ते याचमुळे. त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशी ही जोडाक्षरं वेगळीच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात जुन्या नावांसोबत ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा हीच अडचण समजावून सांगितली होती. टीव्हीवर टिंगल करणाऱ्यांतल्या किती जणांनी सहा वर्षांच्या पोराला एकोणऐंशी लिहायला लावलं होतं, देव जाणे. मी घरी दोन्ही वापरते: आधी ‘पन्नास नऊ’, हात बसला की ‘एकोणसाठ’.

मग प्रश्न असा: पुस्तक इंग्रजी घेतलं तर घरात मोजणी कुठल्या भाषेत होणार? आमच्याकडे आजी अहिराणीत बोलतात. गणितातला ‘एकूण किती’ त्यांच्या तोंडी “बठ्ठा मियीसन कितला व्हयनात?” असा येतो, आणि खरं सांगते, धाकट्याला तो पुस्तकातल्या ‘एकूण’पेक्षा लवकर कळतो. पुस्तक कुठल्याही भाषेतलं असो, शाब्दिक उदाहरण एकदा घरच्या बोलीत सांगून बघा. बोलीत सुटलं आणि पुस्तकात अडलं तर अडचण गणिताची नाही, वाचनाची आहे. नवा अभ्यासक्रम घेऊन ती जाणार नाही.

मराठीकडे एक फार मोठी देणगी आहे, ती वाया घालवू नका. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन. दीडशे, सव्वादोनशे, पावणेतीनशे. हे शब्द अंगात असलेलं मूल अपूर्णांकांची अर्धी वाट चालून आलेलं असतं. जुनी माणसं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ म्हणायची. सगळं पाठ करायची आज गरज नाही, पण निमकी आणि पावकी मी घेतेच. आठवीनंतर सेमीसारखं इंग्रजी शब्दांत शिकवायचं असेल तर सहावीपासून लसावि-मसावि, अंश-छेद यांच्या शेजारी इंग्रजी शब्द वहीत लिहीत जा, म्हणजे ऐनवेळी धावपळ नाही.

पायरी ४: बाजारात काय काय आहे

नावं पुष्कळ आहेत, पण जाती दोनच धरा. एक खणत जाणारी: गुणाकार घेतला की महिना-दोन महिने गुणाकारच, पुरता मुरल्याशिवाय पुढे नाही. दुसरी घिरट्या घालणारी: आज थोडी बेरीज, उद्या घड्याळ, परवा आकृत्या, आणि पुढच्या महिन्यात सगळं परत थोडं वरच्या पातळीवर. एका गोष्टीत रमणाऱ्या, मधेच तोडलेलं न आवडणाऱ्या मुलाला पहिली जात मानवते. लवकर कंटाळणाऱ्या, किंवा दोन आठवड्यांत विसरणाऱ्या मुलाला दुसरी.

सिंगापूर पद्धत हल्ली सगळीकडे ऐकू येते. तिथल्या शासनाची प्राथमिक गणिताची पुस्तकं १९८२ मध्ये आली, आणि पद्धतीचा गाभा आहे आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या मांडणीतून ही कल्पना पुढे आली. त्यातली पट्टीची आकृती मला इतकी आवडते की पुस्तक काहीही असो, ती शिकवाच. उदाहरण: आजींनी ८४ बिबडे (ज्वारीचे पापड) केले. दोन घरांत असे वाटायचे की मामाकडे आपल्यापेक्षा १२ जास्त जावेत. कागदावर एक आडवी पट्टी आपल्यासाठी, तिच्याखाली तेवढीच मामासाठी, आणि मामाच्या पट्टीला जोडून एक छोटा तुकडा, त्यात लिहा १२. आता तो तुकडा बोटानं झाका. उरल्या दोन सारख्या पट्ट्या, मिळून ७२. म्हणजे एक ३६, आणि मामाचे ४८. ‘क्ष’ न लिहिता तिसरी-चौथीतलं पोर समीकरण सोडवतं.

हीच वाट आपल्याकडे फुकटात आहे. पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात, २०२२ च्या, गणितासाठी अनुभव, भाषा, चित्र, चिन्ह असा क्रम सांगितला आहे. एनसीईआरटीची तिसरी आणि सहावीची नवी पुस्तकं २०२४ मध्ये आली. हिंदी आणि इंग्रजीत पीडीएफ मोफत उतरवून घेता येतात. सहावीच्या पुस्तकात कोडी, आकृतिबंध, डोकं चालवायला जागा आहे; सराव मात्र कमी वाटतो, तो बाहेरून घालावा लागतो.

बालभारतीची पुस्तकं मराठीत, स्वस्त, पीडीएफही मोफत. माझ्या मते बहुतेक घरांसाठी कणा म्हणून हीच घ्यावीत. पानावरच्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवर व्हिडिओ मिळतात. जुनी पुस्तकं कुणाकडून घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: २०२३-२४ पासून काही काळ सगळे विषय एकत्र करून चार भागांत पुस्तकं दिली होती, त्यामुळे चारही भाग आहेत का ते बघूनच घ्या. आम्हाला एकदा तिसरा भागच मिळाला नव्हता, आणि भागाकार नेमका त्यात होता.

खान अकॅडमी मोफत आहे, हिंदीतही आहे. उजळणीला छान, पण सात वर्षांच्या मुलाचा मुख्य अभ्यासक्रम पडद्यावर नको. ॲबॅकस आणि वैदिक गणिताचे क्लास जळगावपासून तालुक्यापर्यंत सगळीकडे आहेत. वेग येतो, हौस असेल तर घाला. त्याला अभ्यासक्रम मात्र म्हणू नका. भूमिती, मोजमाप, शाब्दिक उदाहरणं त्यात कुठे आहेत?

पायरी ५: एक धडा, दहा दिवस

आता पैसे खर्च करण्याआधीची परीक्षा. दोन किंवा तीन पुस्तकं निवडा आणि प्रत्येकातला एकच विषय घ्या. अपूर्णांक किंवा हातच्याची वजाबाकी घेतली तर फरक लगेच दिसतो. विकतच्या संचांचे नमुना धडे बहुधा संकेतस्थळावर मिळतात. मिळत नसतील तर तो संच मी यादीतून काढते. रोज वीस-पंचवीस मिनिटं, एका पुस्तकाला सलग तीन दिवस.

पुस्तक निवडताना मी रंगीत चित्रं बघत नाही. पान उघडून मोजते: एका पानावर किती उदाहरणं, पहिल्या तीन उदाहरणांत आणि शेवटच्या तीनमध्ये काही फरक आहे की फक्त आकडे बदललेत, मोकळी जागा किती. गर्दीच्या पानाला घाबरणारी मुलं असतात, मोठी तशीच. तिच्यासाठी मी कोऱ्या कागदाला खिडकी कापून पानावर ठेवायचे, एका वेळी दोनच उदाहरणं दिसायची. मग मापं बघते: रुपये, मीटर, किलो आहेत का, लाख-कोटी आहेत का. आणि शेवटी शिकवणाऱ्यासाठी काय लिहिलंय ते वाचते. मूल चुकलं तर काय करायचं हे सांगणारी मार्गदर्शिका हवी. नुसत्या उत्तरांच्या यादीला मार्गदर्शिका म्हणत नाहीत.

तीन दिवसांच्या शेवटी मुलाला विचारा, “हे आजीला समजावून सांगशील?” तीन पुस्तकांपैकी ज्याच्या नंतर त्यानं हात हलवत, चिंचोके मांडत, चुकतमाकत का होईना सांगितलं, ते पुस्तक घ्या. पानं भरली किती, हे बघू नका.

पायरी ६: पुस्तकात आपलं रान घाला

कुठलंही पुस्तक घेतलं तरी मापनाचा धडा मी बाहेर शिकवते. आपल्याकडे तर याची खाण आहे. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद: १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर. दोरी घेऊन अंगणात एक गुंठा आखायचा प्रयत्न केला तेव्हा अंगण पुरलं नाही, शेवटी शेताच्या बांधावर जाऊन आखला. क्षेत्रफळ म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. माझं माहेर यावल तालुक्यातलं, तिथे केळीचा घड हेच गुणाकाराचं पुस्तक: नऊ फण्या, फणीला साधारण सोळा, किती? मग खरोखर मोजा, आणि अंदाज किती चुकला ते काढा. कापसाचा भाव क्विंटलला, आणि घरी वेचलेला वीस-पंचवीस किलो. गुणोत्तर तिथेच सुरू होतं.

चाळीसगावजवळ पाटणे गावी १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची, आणि तिची सुरुवात होते नाणी, वजनं आणि मापांच्या कोष्टकांनी. पाटणादेवीला सहल नेली तेव्हा मोठीला हे सांगितलं. तिनं विचारलं, “त्यांच्यात पण डाइम होते का?”

पायरी ७: स्वतःचं वेळापत्रक खरं खरं लिहा

रोज पाऊण तास तयारी मागणारा अभ्यासक्रम वेचणीच्या दिवसांत टिकत नाही. दुकान, शेत, दोन वेळचा स्वयंपाक यातून तुम्हाला खरोखर किती मिनिटं मिळतात ते आठवडाभर मांडा, आणि तेवढ्यात बसणारंच पुस्तक घ्या. ठोकळे, कार्डं, फासे असा पसारा लागणारा संच कितीही चांगला असला तरी पसारा आवरायला माणूस लागतं. आमच्याकडे शंभर मण्यांची माळ, दहा-दहा मणी दोन रंगांत आलटून-पालटून ओवलेली, आणि काड्यांचे दहाचे गठ्ठे, एवढ्यावर दुसरीपर्यंत निभावलं. चैत्र-वैशाखात आम्ही गणित सकाळी साडेसातला घेतो. दुपारी इथल्या उन्हात मोठ्यांचंही डोकं चालत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठवडाभर सुट्टी, त्यात वाद नाही.

बदलायचं कधी?

दोन-चार दिवसांची कुरकुर ही कुरकुर असते. सलग तीन आठवडे मूल गणिताच्या वेळी पोट दुखतं म्हणायला लागलं, किंवा पानं भराभर भरतंय पण वाटीखालच्या चिंचोक्यांसारख्या साध्या प्रश्नाला अडतंय, तर थांबा. आधी मागच्या इयत्तेचं तेच प्रकरण देऊन बघा. बरेचदा पुस्तक ठीक असतं आणि पातळी चुकलेली असते. तरीही गाडी हलली नाही तर प्रकरण संपवून बदला, मध्येच नको, आणि नव्या पुस्तकातल्या विषयांच्या यादीवर झालेल्या गोष्टींवर खुणा करा, नाहीतर एखादा विषय दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो. आमचा घड्याळाचा असाच पडला होता. मोठीला चौथीपर्यंत ‘पावणेपाच’ सांगता यायचं, पण काटे दाखवता यायचे नाहीत.

खोका अजून माळ्यावर आहे. ठोकळे तेवढे खाली आणलेत, धाकटा त्यांच्यावर दशक-एकक मांडतो. डाइमच्या पानांची मागची बाजू कोरी होती, त्यावर सध्या पट्टीच्या आकृत्या चालल्या आहेत.